आमदारसाहेब, फोटो पुरे, हिशेब द्या!



आमदारसाहेबांचा कार्य अहवाल तुमच्या चाळीत येतो. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. पहिल्या पानावर साहेब हात जोडून उभे. दुसऱ्या पानावर नारळ फोडताहेत. तिसऱ्या पानावर फीत कापताहेत. मग यादी सुरू होते. अमक्या चाळीत लाद्या बसवल्या. तमक्या गल्लीत गटार झाकले. नाक्यावर चार बाकडी ठेवली. म्हाताऱ्यांचे डोळे तपासले, पोरांना वह्या वाटल्या, गोविंदा पथकाला बनियन दिले. शेवटच्या पानावर साहेब पुन्हा हात जोडून उभे, आणि खाली लिहिलेले असते, "आपला सेवक".

ठीक आहे. सेवक म्हणता ना? मग सेवकाला मालकाने विचारायला हवे. साच्यावर काम करणाऱ्या माणसाला विचारणे म्हणजे काय ते पक्के ठाऊक असते. पाळी संपली की विचारतात, किती वार कापड निघाले? सूत किती वेळा तुटले? ताग्यात डाग किती? तिथे कोणी म्हणत नाही की माझा हसरा फोटो बघा आणि पगार द्या. ताग्यात दोष निघाला तर एके काळी गिरणीवाले ते खराब कापड कामगाराच्याच गळ्यात मारीत आणि पैसे पगारातून कापून घेत. आम्हाला वाराचा हिशेब, आणि आमच्या जिवावर निवडून गेलेल्याला नुसता फोटोचा अल्बम! हा कुठला न्याय?

मी स्वतः चौथी शिकलेला माणूस आहे. पण हे अहवाल मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. त्यांत एक गोष्ट शोधतो आणि ती मला सापडत नाही. हा माणूस विधानसभेत जाऊन काय बोलला? कोणता प्रश्न विचारला? कायद्याला "होय" म्हणाला की "नाही" म्हणाला? त्यावर एक ओळ नसते. ज्या कामासाठी पाठवला तेवढेच सोडून बाकी सगळे त्या अहवालात असते.

नळ नको असे आम्ही म्हणत नाही

उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नये. नळ, संडास, जिन्याचा कठडा या काही चैनीच्या वस्तू नाहीत. चाळीत पन्नास माणसांमागे एक संडास असला म्हणजे सकाळच्या पाळीला निघणाऱ्याची काय तारांबळ उडते, ते बंगल्यात राहणाऱ्याला कळायचे नाही. ज्या आमदाराने तो संडास दुरुस्त करून दिला त्याचे आभार मानायला आम्ही मागे राहणार नाही.

पण गटार आणि लादी हे काम मूळचे महानगरपालिकेचे. मुंबईत 2022 च्या मार्चात नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढे काही वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती गेली. लोक मग गाऱ्हाणे घेऊन आमदाराकडे जाणारच, आणि त्यालाही ते ऐकावे लागले. ते आम्ही समजू शकतो. परंतु आमदार हा काही मोठ्या पगाराचा नगरसेवक नव्हे. महाराष्ट्राच्या विधानसभेत 288 सभासद बसतात ते कायदा करण्यासाठी, सरकारच्या खर्चाला मंजुरी देण्यासाठी किंवा ती अडवण्यासाठी, आणि मंत्र्याला उभा करून जाब विचारण्यासाठी. ही तीन कामे दुसरा कोणीही करू शकत नाही. गटार कंत्राटदारही बांधतो. मंत्र्याला तारांकित प्रश्न कंत्राटदाराला विचारता येत नाही.

आता पैशाचा हिशेब बघा. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला निधी मिळतो. 2022 च्या अर्थसंकल्पात तो वाढवून 5 कोटी रुपये केला. हा पैसा त्याच्या खिशातला नाही, तुमच्या-आमच्या कराचा आहे. तो कामे सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतो. तरीही बाकड्यावर, कमानीवर, मुतारीच्या भिंतीवरसुद्धा नाव मात्र आमदाराचे! बरे, 5 कोटींचे हे झाले. पण 2025-26 सालचा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे 7 लाख कोटी रुपयांचा होता. त्याला मंजुरी देणाऱ्यांत आपला आमदारही बसलेला होता. म्हणजे 5 कोटींतून बसवलेल्या लादीचा रंगीत फोटो घरपोच येतो, आणि 7 लाख कोटींवर साहेब काय बोलले याची चिठ्ठीसुद्धा येत नाही. वाण्याने चिमूटभर मिठाचा हिशेब द्यावा आणि गोणीभर तांदळाचा गुपचूप गिळावा, तशातली ही गत आहे.

न सांगण्याची किंमत गिरणगावाने मोजली आहे

कोणी म्हणेल, कायदे आणि नियम ही शिकलेल्या लोकांची भानगड, कामगाराला त्याचे काय? त्याचे उत्तर लालबाग, परळ, वरळी, लोअर परळ इथल्या टोलेजंग मनोऱ्यांकडे बोट दाखवून देता येते.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप चिरडला गेला, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. कापड संपले तरी जमीन उरली होती. मुंबईच्या पोटातली सुमारे 600 एकर जमीन! 1991 साली विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. ढोबळ हिशेबाने त्याचा अर्थ असा की गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे तीन वाटे पडतील. एक वाटा शहराला मैदाने-बागांसाठी, एक वाटा म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेला मालकाला.

2001 साली सरकारने त्या नियमात दुरुस्ती केली. दुरुस्तीचा गाभा एवढाच की वाटणी होईल ती गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीची. ज्या जागेवर बांधकाम उभे आहे ती वाटणीतून बाहेर. ऐकायला किती साधे वाटते! आता बोटांवर हिशेब करा. समजा गिरणी 12 एकरांची आहे. पहिल्या नियमाने शहराला सुमारे 4 एकर, म्हाडाला त्याच्या आसपास. पण गिरणी म्हणजे काही मैदान नव्हे. खाती, गोदामे, बॉयलर, कचेरी यांनी 9 एकर व्यापलेले असतात. मोकळे उरतात 3 एकर. नव्या नियमाने वाटणी त्या 3 एकरांचीच. शहराच्या आणि म्हाडाच्या पदरात एकेक एकर. बाकी सगळे मालकाचे!

एका दुरुस्तीने चाराचे एक झाले. त्यासाठी गोळीबार झाला नाही, लाठी चालली नाही, भोंगा वाजला नाही. विधानसभेत विधेयक येऊन त्यावर रात्रभर चर्चा झाली असेही नाही. नगरविकास खात्याच्या कागदावर नियम बदलला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली त्याविरुद्ध निकाल दिला, पण 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दुरुस्ती कायम केली. खेळ खलास.

मला विचारायचे आहे ते असे. 2001 साली गिरणगावात आमदार होते की नव्हते? होते. त्यांचे फलक लागत होते की नव्हते? लागत होते. मग चाळीच्या पटांगणात चार बाकडी टाकून "बाबांनो, तुमच्या जमिनीचा नियम बदलतो आहे, चाराचे एक होणार आहे" असे घसा फोडून सांगण्याचे काम कोणाचे होते? हजारो कामगारांना "मोकळी जमीन" या दोन शब्दांचा अर्थ कळला तो मनोऱ्यांचे पाये खणले गेल्यावर. कळले असते तर काय झाले असते, असे कोणी विचारील. निदान लढता तरी आले असते, आणि वेळेवर लढता आले असते. भोंगा वाजून गेल्यावर हजेरी लावायला गेलेल्या बदली कामगाराचे जे होते, ते अख्ख्या गिरणगावाचे झाले.

त्याचे फळ आजही भोगतो आहोत. घरासाठी अर्ज केलेले कामगार आणि वारस पावणेदोन लाखांच्या घरात, आणि 1 मार्च 2020 च्या सोडतीत घरे किती? 3,894! 2024 च्या मार्चात शासन निर्णय आला आणि कामगारांना शेलू आणि वांगणीची वाट दाखवली गेली, म्हणजे पार कर्जतच्या रस्त्याला. घर नको म्हणणाऱ्याचा हक्क जाईल असे एक कलम त्यात घातले होते. 2025 च्या जुलैत कामगार आणि त्यांच्या म्हाताऱ्या बायका आझाद मैदानावर चिखलापाण्यात जमल्या, तेव्हा कुठे ते कलम काढण्याचे सरकारने कबूल केले. ते कलम ज्या दिवशी छापले त्याच आठवड्यात आमदाराने आपल्या लोकांना वाचून दाखवले असते, तर मधले सव्वा वर्ष फुकट गेले नसते.

आवाजी मतदानात आवाज कोणाचा?

सभागृहातली एक खुबी आता सांगतो. विधेयकावर मत घेताना अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी "होय" म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी "नाही" म्हणावे. दोन्हीकडून गलका होतो, अध्यक्ष ऐकतात आणि निर्णय देतात. याला आवाजी मतदान म्हणतात. कोणी मतविभागणी मागितली तरच मते मोजली जातात. नाहीतर कोण काय ओरडला याची नावनिशीवार नोंद कुठेच राहत नाही.

2025 च्या जुलैत विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत असेच आवाजी मतदानाने मंजूर झाले. संघटनेला बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती देणारा हा कायदा. अनेक कामगार संघटनांनी त्याला विरोध केला, कारण उद्या संपाची हाक देणाऱ्या युनियनवरही हा दंडुका उगारला जाईल अशी त्यांना धास्ती होती. सरकार म्हणाले, तसे काही होणार नाही. खरे काय ते काळ दाखवील. पण माझा सवाल वेगळा आहे. आपल्या आमदाराचा आवाज त्या गलक्यात कोणता होता? नोंदवहीत ते नाही. म्हणजे ते सांगू शकेल असा माणूस जगात एकच, खुद्द तो आमदार. आणि नेमके तेच अहवालात लिहीत नाहीत!

त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. आठवड्याचे तास 48 च राहतील, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले गेले. लेखी संमती! भिवंडीत, इचलकरंजीत, मालेगावात, सोलापुरात जो साच्यापुढे उभा राहतो त्याला विचारा लेखी संमती कशी घेतात ते. मुकादम कागद पुढे करतो, "सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नको." झाली संमती. धोट्याच्या खडखडाटात आठ तास उभे राहिले तर कानाचे आणि कमरेचे काय होते ते आम्हाला ठाऊक आहे. बारा तासांचे काय होईल? कामगाराच्या हाडामासाशी याचा संबंध आहे. अशा वेळी माझ्या मतदारसंघाच्या आमदाराने काय भूमिका घेतली हे मला कळायला नको? की त्या महिन्यात गणपतीच्या आरतीला साहेब किती मंडळांत गेले तेवढेच कळायला हवे?

पूर्वी असे होत होते

हे मी आभाळातले तारे मागत नाही. या मुंबईने वेगळी माणसे पाहिली आहेत. 1938 साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले. संपाच्या हक्काला त्याने फास लावला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा विधानसभेचे सभासद होते. त्यांनी सभागृहात उभे राहून सांगितले की संप करणे हा गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे होय. विधेयक बहुमताने पास झाले. बाबासाहेब तिथे गप्प बसले नाहीत. सभागृहातली गोष्ट ते कामगारांत घेऊन आले, आणि 7 नोव्हेंबर 1938 ला मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला. आत काय घडले ते बाहेर येऊन सांगायचे आणि बाहेरचा आवाज आत न्यायचा, आमदारकी म्हणतात ती याला.

आणि 21 नोव्हेंबर 1955 आठवा. मुंबई कोणाची याची चर्चा विधिमंडळात चालू होती, आणि गिरण्या बंद ठेवून कामगार फ्लोरा फाउंटनकडे चालत गेले. का गेले? लाद्या मागायला? आपल्या नशिबाचा निर्णय ज्या दाराआड होतो त्या दारापाशी आपण असले पाहिजे, म्हणून गेले. गोळ्या खाल्ल्या. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला तो त्या रक्तावर. हे विधिमंडळ आम्हाला कोणी आंदण दिलेले नाही. त्याची किंमत कामकऱ्याने भरलेली आहे. म्हणून तिथे काय चालते हे विचारताना मान खाली घालायचे आपल्याला कारण नाही.

सबबी आणि त्यांची उत्तरे

आमदाराच्या कचेरीत हे बोलले की कार्यकर्ते हसतात. म्हणतात, "अहो, लोक गटारच मागतात. कायद्याचं कोण विचारतंय?" यात तथ्य आहे. लोक गटार मागतात, कारण गटाराचा वास आजच नाकाला लागतो. वाईट कायद्याचा वास दहा वर्षांनी येतो. तो आधी ओळखून सांगावा म्हणूनच तर आम्ही एक माणूस तिथे नेमून ठेवतो!

दुसरी सबब, "पक्षाचा आदेश असतो, आमदाराच्या हातात काही नाही." बरे, नाही तर नाही. मग तसेच छापा. "मला हे पटले नव्हते, पण पक्षाने सांगितले म्हणून मी होय म्हणालो," असे लिहा. कामगार माणूस खरे बोलणाऱ्याला समजून घेतो. झाकून ठेवणाऱ्याला घेत नाही.

तिसरी सबब, "मी विरोधी पक्षात आहे, माझे सरकार ऐकत नाही." सरकार ऐकत नसेल. पण प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना देता येते, मंत्र्याकडून आश्वासन काढून घेता येते. मंत्र्याने सभागृहात दिलेली आश्वासने पुरी होतात की नाही हे तपासायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. विरोधी आमदाराच्या अहवालात तर हे सगळे जास्त भरलेले असायला पाहिजे.

आमची मागणी

तर आमदार कोणत्याही पक्षाचे, कोणत्याही झेंड्याचे असोत, आमची मागणी साधी आहे. वर्षात तीन अधिवेशने होतात, दोन मुंबईत आणि हिवाळ्यातले नागपुरात. प्रत्येक अधिवेशन संपले की पंधरा दिवसांच्या आत साध्या कागदावर, काळ्या शाईत, मोठ्या अक्षरात छापलेली चार पाने आम्हाला हवीत. फोटो एकही नसला तरी चालेल. त्यात एवढे असावे:

सभागृह किती दिवस चालले आणि तुम्ही किती दिवस हजर होता. आमच्या मस्टरवर खाडा लागतो तसा तुमचाही लागू द्या.

कोणते प्रश्न विचारले आणि मंत्र्याने काय उत्तर दिले. उत्तर शब्दाला शब्द छापा, गोडवा घालू नका.

कामगार, घरे, भाडेकरू, रेशन, दवाखाना, शाळा यांना लागणारे कोणते कायदे आणि नियम आले, तुम्ही "होय" म्हणालात की "नाही", आणि का.

मंत्र्याने मागच्या वेळी दिलेल्या आश्वासनांतली किती पाळली, किती हवेत विरली.

निधीतल्या प्रत्येक कामाची रक्कम, कंत्राटदार, मुदत, आणि काम अर्धवट असेल तर अर्धवट म्हणून.

आणि मग त्या पानांवर चाळीच्या पटांगणात सभा घ्या. सतरंजीवर बसा, आम्हीही बसू. तुम्ही अर्धा तास बोला, आम्ही दीड तास विचारू.

आता आपल्या बाजूचे काम. नुसते मागून काही मिळत नाही हे युनियनवाल्याला शिकवायला नको. प्रत्येक चाळ समितीने एक वही घालावी. आमदार जे जे बोलले ते तारीख घालून त्यात लिहावे. आमच्यातली शिकलेली पोरेबाळे आहेत, त्यांनी विधिमंडळाचे छापील कार्यवृत्त काढून म्हाताऱ्यांना वाचून दाखवावे. माहितीचा अधिकार 2005 साली मिळालेला आहे. निधीच्या कामाची माहिती मिळत नसेल तर दहा रुपयांचे तिकीट लावून जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज टाकावा. प्रश्न तोंडी विचारू नये, लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी प्रश्नाला तोंडी चहा मिळतो. लेखी प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

आणि पुढच्या वेळी तो गुळगुळीत अहवाल दारात आला की तो फाडू नका, रद्दीतही टाकू नका. तो हातात घेऊन दहा-वीस जणांनी मिळून साहेबांच्या कचेरीत जा. नम्रपणे म्हणा, "साहेब, लाद्या चांगल्या बसवल्यात. आता विधानसभेचं पान दाखवा."

साहेबांना ते पान दाखवता आले तर खुशाल पुन्हा निवडून द्या. नाही दाखवता आले, तर मत कोणाला द्यायचे ते तुम्हाला सांगायला माझी गरज नाही.